हंगामाच्या टेबलावरचं लोखंड

मी चर्चची पाळक होते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या मागं बघतो, नवरा कुठं उभा आहे ते. तो दिसला नाही की विचारतो, "म्हणजे तुम्ही स्वतः?" ते पचलं की तिसरा प्रश्न ठरलेला, "मग रविवार सोडून काय करायचात?" नोकरीत असताना या प्रश्नावर मी नुसती चिडायचे. आता निवृत्त झालेय, उत्तर द्यायला भरपूर सवड आहे.

रविवारची उपासना हा आमच्या कामातला सगळ्यात सोपा भाग. गाणी ठरलेली, वेळ ठरलेली, आणि प्रवचन चालू असताना कुणी उठून उलट बोलत नाही. खरं काम सोमवारी सुरू होतं. लोकांच्या घरी जाऊन बसायचं, चहा कितीही गोड असला तरी पूर्ण प्यायचा आणि मुख्य विषय निघेपर्यंत कांद्याच्या भावावर बोलत राहायचं. मुख्य विषय नेहमी आपण चपला घालत असताना निघतो. "बाई, जरा एक बोलायचं व्हतं," असं कुणी दारात म्हटलं की चपला काढून पुन्हा आत बसायचं. पोराचं व्यसन, जावेजावेतलं भांडण, दवाखान्यातला कुणाला न कळलेला रिपोर्ट, पोरीला बघायला पाहुणे येणारेत तर तुम्ही असा. आमच्या ग्रंथात पाळक म्हणजे मेंढपाळ. आमच्या शेजारच्या हिराबाईंनी उभी हयात खरीखुरी मेंढरं राखलेली. त्या मला म्हणायच्या, "बाई, आमच्या मेंढराला निदान काठी तरी कळती." 

माझी पहिली मंडळी दौंड तालुक्यात, खुटबावच्या बाजूला होती. मंडळी म्हणजे चर्चला येणारी सगळी घरं मिळून. ती काही माझ्या हातून वाढली नाही, आणि त्याची हळहळ अजून जात नाही. पोरं शिकली, पुण्याला गेली, म्हातारी माणसं मागं राहिली आणि मग तीही एकेक करून गेली. लग्नं कमी लावली, माती जास्त दिली. दर वर्षी चर्चच्या वरच्या कचेरीतून विचारणा यायची, मंडळी किती वाढली? एकदा मी वैतागून सांगितलं, कबरस्तानात जाऊन विचारा. वरच्या लोकांना ते रुचलं नाही. पुढच्याच वर्षी माझी बदली शिरूर तालुक्यात झाली.

शिक्रापूरचा हायवे सोडून आत वळलं की ट्रकचा आवाज कमी होत जातो. झेंडूची आणि उसाची रानं लागतात, आणि त्या रानांच्या कडेला आमचं छोटं दगडी चर्च. जुनी माणसं त्याला देऊळच म्हणतात. मंडळीत बहुतेक थोड्याफार जमिनीवर भाजीपाला करणारी घरं. त्यांच्यातले सगळ्यात जुने पंच म्हणजे शांतवनआप्पा. उंच, काटक, तोंडानं फटकळ, आणि आवाज असा की लाइट गेली तरी माइकची आठवण कुणाला यायची नाही. मी सामान उतरवत होते तेव्हा ते फाटकाशी येऊन उभे राहिले. "बाई धाडलीय व्हय? बघू," म्हणाले आणि निघून गेले. तो 'बघू' पुढं बरीच वर्षं चालला. मीही तोंडाची तिखट, त्यामुळं आमचं भांडण छान जमायचं.

ही मंडळी मात्र वाढली. माझ्या प्रवचनांनी नाही, आजूबाजूच्या कारखान्यांनी. एका रविवारी मागच्या दाराशी, चपलांच्या शेजारी, अनोळखी तरुण पोरांचा एक घोळका येऊन बसला. झारखंडची पोरं. आजा-पणजापासून ख्रिस्ती, शिक्रापुरात एकेका खोलीत दाटीनं राहणारी, ठेकेदारामार्फत कंपनीत लागलेली. गावी दर रविवारी चर्चला जायची सवय, इथं चर्च कुठं आहे ते सापडायलाच वर्ष गेलेलं. पुढच्या रविवारी आणखी आली. मग काहींच्या बायका आल्या, लेकरं आली आणि मागचे बाक कमी पडायला लागले.

मी हरखून गेले. खुटबावला रिकाम्या बाकांपुढं बोललेली बाई मी. या पोरांसाठी मी उपासनेत एक हिंदी गाणं घालायला सुरुवात केली. ते गाणं चालू असेपर्यंत आप्पा हाताची घडी घालून छताकडं बघत बसायचे. उपासना संपली की मला गाठायचे. "बाई, ह्या देवळाला आमच्या आज्यांनी डोक्यावर धोंडं वाहिल्यात. ही लोकं उद्या कंपनी बंद झाली की जात्याली. ह्यांच्यापायी आपली गाणी कशाला कमी करायची?" मी म्हणायचे, आप्पा, एकच तर गाणं आहे. ते म्हणायचे, आज एक हाय. आप्पांच्या तोंडी त्या पोरांचं नाव कधी यायचं नाही. कायम 'ही लोकं'.

त्या लोकांमध्ये एक सुशील होता. बोलायला हळू, हसायला तयार, हात घासून घासून धुतलेले तरी नखांत काळं राहिलेलंच. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मशीनवर होता. बायको गावी बाळंत झालेली, लेकरू काही महिन्यांचं. त्या दोघांना इकडं आणायचं म्हणून त्यानं ठेकेदाराच्या चाळीत स्वतंत्र खोली मिळवली होती आणि भिंतींना स्वतः रंग देत होता. दर रविवारी मला मोबाइलवर भिंत दाखवायचा, आज एवढी झाली म्हणून.

आता आमच्या हंगामाच्या सणाबद्दल सांगायला हवं. बाजरी घरात आली की दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही हा सण करतो. ज्याच्या रानात जे आलं त्यातलं पहिलं आणि चांगलं देवापुढं आणायचं. वेदीपुढं लांब टेबल मांडतात. त्यावर कणसं, गवार, दुधी, भोपळे, अंडी, आणि टेबलाखाली पाय बांधलेली एखादी कोंबडी, जी नेमकी प्रार्थनेच्या वेळी ओरडते. उपासना झाली की पटांगणात या सगळ्याचा लिलाव. मिळेल ते मंडळीच्या कामाला. बोली लावायला सगळं गाव येतं. मेंढरं राखणाऱ्या शेजारच्या हिराबाई तर आमच्या मंडळीतल्या नसून दर वर्षी एक कोकरू आणून लिंबाला बांधतात. त्यांच्या नातवाला एकदा मी दवाखान्यात नेलं होतं, तेव्हापासूनचा त्यांचा हा नेम. लिलावात गंमत अशी की अंडं घेणारा ते परत टेबलावर ठेवतो, दुसरा त्यावर चढी बोली लावतो, आणि शेवटी अंडं कोंबडीपेक्षा महाग जातं. बोली पुकारायची शांतवनआप्पांनी. तो मान दुसऱ्या कुणाचा नाही.

त्या वर्षी मी आधीच्या रविवारी सांगितलं होतं, शेत नाही म्हणून कुणी रिकाम्या हातानं येऊ नका, ज्याचं जे काम त्याचं पहिलं फळ आणा. शिवणकाम करणाऱ्या बाईनं पिशवी शिवून आणली. आणि सुशीलनं दुधी भोपळ्याशेजारी नवा रुमाल पसरून त्यावर एक लोखंडी पार्ट ठेवला. तळहाताएवढं गोल कडं, जड, आरशासारखं चकचकीत. वर झेंडूचं फूल. मी शेतकऱ्याची लेक, कारखाना फक्त बाहेरून पाहिलेला. मला ते फार सुंदर दिसलं, बाकी काही मनात आलं नाही.

लिलावात त्याची पाळी आली. आप्पांनी ते उचलून उलटंसुलटं केलं आणि हे काय म्हणून विचारलं. सुशील मागून म्हणाला, "आप्पा, मशीन सेट केला, तर पहिला हा निघाला." आप्पांनी पुकारा केला. कुणी बोलेना. पुन्हा केला. एक बाई पदराआड हसली. सुशीलचे दोस्त महिनाअखेरीला कडकीत, ते खाली बघायला लागले. सुशीलचा चेहरा मला बघवेना. मी तोंड उघडणार एवढ्यात आप्पांनी स्वतःच बोली लावली, स्वतःच एक वार, दोन वार, तीन वार म्हटलं आणि ते कडं रुमालासकट आपल्या पिशवीत टाकलं. "देवाच्या टेबलावरची वस्तू बोलीबिगर माघारी जात न्हाई," म्हणाले. "आता ह्याचं काय मी लोणचं घालू?" सगळे हसले. सुशीलही हसला. मला वाटलं, विषय संपला.

पोरांपैकी कुणीतरी त्या टेबलाचा फोटो स्टेटसला ठेवला, मागं भक्तिगीत लावून. तो कंपनीच्या सुपरवायझरनं पाहिला.

दोन दिवसांनी सुशील दुपारीच माझ्या पायरीवर येऊन बसला. गेटवर अडवलं होतं. कंपनीतला साधा नटसुद्धा बाहेर न्यायचा नाही असा नियम, आणि यानं पार्ट नेला. ठेकेदार म्हणाला, चोरीची तक्रार करणार, तुला काढणार, आणि तुझ्याबरोबर तुझी गावाकडची सगळी पोरं काढणार. खोली ठेकेदाराची, तीही आज रिकामी करायची.  मग सुशील म्हणाला की बायको बाळाला घेऊन कालच गाडीत बसलीय. उद्या पुण्याला उतरेल. तिला अजून काही सांगितलेलं नाही.

 एका पोराची नोकरी, एक नुकतंच उभं राहणारं घर, आणि त्याच्यामागून ते सगळे भरलेले बाक. तो पार्ट आधी परत मिळवायला हवा होता. मी स्कूटर काढली आणि आप्पांच्या रानात गेले. वाटेत मनात त्यांचं बोलणं मीच म्हणून बघत होते, सांगितलं न्हवतं का, ही लोकं अशीच. तसं ते बोलले असते तर मी काय उलट बोलले असते तेही तयार होतं.

आप्पा कांद्याला पाणी देत होते. त्यांनी खोरं टेकवून सगळं ऐकलं.  पाय धुतले, घरात गेले, धुतलेला सदरा घालून पिशवी घेऊन बाहेर आले. मी म्हटलं, द्या पार्ट, मी जाऊन येते. "इकत मी घेतलाय," ते म्हणाले, "मग तुमच्या हातात कशापायी दिऊ? चला." आणि माझ्या स्कूटरवर मागं बसले. हायवेवर ट्रक अंगावरून जात होते आणि आप्पा एका हातानं टोपी, एका हातानं पिशवी धरून बसले होते. सुशील दोस्ताच्या मोटारसायकलवर मागून येत होता.

गेटवर वॉचमननं विचारलं, मुलाच्या आई का? मी म्हटलं, पाळक. त्याला कळलं नाही, पण माझा आवाज ऐकून त्यानं आत फोन लावला. आत माणसांचा विभाग बघणारे साहेब होते. तरुण, सभ्य, थकलेले. शेजारी ठेकेदार पाय पसरून बसलेला. मी सुरुवात केली. हंगामाचा सण काय, पहिलं फळ म्हणजे काय, टेबलावर काय काय होतं, सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, पार्ट आता कुठं आहे? मी म्हटलं, त्याचा लिलाव झाला.

"बघा साहेब," ठेकेदार उसळला, "नुसता चोरला न्हाई, विकला बी."

झालं. वाचवायला गेले आणि पोराला आणखी खड्ड्यात घातलं. माझं डोकं फिरलं आणि मी आवाज चढवून ठेकेदाराला चार गोष्टी सुनवायला लागले. तेवढ्यात आप्पा म्हणाले, "बाई, जरा थांबा." इतक्या वर्षांत मला बोलताना थांबवणारा हा पहिला माणूस. मी थांबले.

आप्पांनी पिशवीतून रुमाल काढला, साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि गाठ सोडली. आत ते कडं, आणि त्यावर सुकलेलं झेंडूचं फूल तसंच.

"साहेब, चोरीचा माल माणूस लपवून ठेवतो," ते म्हणाले. "ह्यानं फूल वाहून समद्या गावाम्होरं मांडला. आन् इकत घेणारा मी हाय. चोरी म्हणत असाल तर चोरीचा माल घेणाऱ्याचं नाव आधी लिवा. शांतवन म्हंत्यात मला."

साहेबांनी सुशीलकडं पाहिलं, मग आप्पांकडं. "हा तुमचा कोण लागतो?"

 मला तेवढ्यात आप्पा छताकडं बघत बसलेले सगळे रविवार आठवले.

"आमचा पोरगा हाय," ते म्हणाले.

 साहेबांनी कडं उचललं. आतल्या बाजूला लाल रंगाचा फराटा होता. त्यांनी सुशीलला विचारलं, हाच का आणलास? सुशील मान खाली घालून म्हणाला, "साहब, ये पास नहीं हुआ था. जो पास हुआ, वो तो कंपनी का है." मला त्याचा अर्थ साहेबांनीच समजावून सांगितला. मशीन लावल्यावर पहिला पार्ट मोजायला नेतात. मापात बसला नाही तर त्याला लाल रंग लावून लाल डब्यात टाकतात, तो भंगारात जातो. या पोरानं देवाला द्यायला कंपनीचा चांगला पार्ट घेतला नव्हता, डब्यातला फुकट जाणारा उचलला होता.

साहेबांनी बराच वेळ ते कडं हातात फिरवलं. मग म्हणाले की भंगारसुद्धा कंपनीचंच असतं, त्यामुळं लेखी ताकीद द्यावी लागेल, पार्ट इथंच राहील. पोलिसांत काही जाणार नाही. बाकीच्या पोरांचा यात संबंध नाही. ठेकेदारानं तोंड वाकडं केलं, पण साहेबांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं आणि खोलीचाही प्रश्न मिटला. जाताना त्यांनी रुमाल आणि फूल तेवढं आप्पांना परत दिलं.

 गेटच्या बाहेर आल्यावर आप्पा सुशीलकडं वळले. "काय रं, देवाला खोडीचं आणलंस व्हय? शास्त्रात काय लिवलंय? बिनखोडीचं पायजे म्हून लिवलंय." सुशीलला निम्मं कळलं, निम्मं नाही, पण त्यानं कान धरले. मग आप्पांनी टपरीवर आम्हाला चहा पाजला.  दुसऱ्या दिवशी त्याची बायको बाळाला घेऊन आली आणि नव्या रंगाच्या खोलीत उतरली. त्यानं तिला सगळं नंतर सांगितलं म्हणे, ती पोटभर जेवल्यावर.

पुढच्या वर्षी सणाच्या आधी मी वेदीवरून स्पष्ट बजावलं, कंपनीतलं काहीही आणायचं नाही, स्क्रूसुद्धा नाही. मग पोरांपुढं प्रश्न, आणायचं काय? त्या आठवड्यात ती सगळी माझ्याकडं आली. सुशीलला आता बऱ्यापैकी मराठी यायला लागलं होतं. तो म्हणाला, मॅडम, आमच्याकडं आमची अशी एकच गोष्ट आहे, सुट्टी. आठवड्याचा एक दिवस. तो टेबलावर ठेवला तर चालेल का?

मला ते इतकं आवडलं की मी लगेच हो म्हटलं. आप्पा मात्र बिथरले. माणसं पुकारायला हा काय बैलबाजार आहे का, म्हणाले. पण सणाच्या दिवशी सुशील खिशाला झेंडूचं फूल लावून टेबलाशेजारी उभा राहिला, आणि आप्पांनी घसा साफ करून पुकारा केला, "सुशीलचा एक दिवस!" त्या वर्षी बोलीला खंड नव्हता. शेवटी दिवस हिराबाईंनी घेतला. त्यांच्या मेंढरांच्या वाड्याचे पत्रे वादळात उडाले होते. सुशील एकटाच जायचा होता, पण त्याचे सगळे दोस्त बरोबर गेले आणि संध्याकाळपर्यंत वाडा झाकून आले. हिराबाईंनी सगळ्यांना मटण खाऊ घातलं.

तेव्हापासून आमच्या सणाला दिवस पुकारले जातात. गवंड्याचा दिवस, वायरमनचा दिवस, दवाखान्यात काम करणाऱ्या आमच्या एका पोरीचा दिवस. मंडळीनं शाळेचे नळ दुरुस्त केलेत, एकट्या राहणाऱ्या म्हातारीला न्हाणीघर बांधून दिलंय, आणि ते बांधणाऱ्यांत निम्मे झारखंडचे आणि निम्मे इथले असतात. सण झाला की गावातली माणसं विचारतात, पुढच्या वर्षी वेल्डर येणार का? वरून विचारणा आली, मंडळी किती वाढली, तर मी ही कामं सांगायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा, अजून वाटतो, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

पण जो दिवस मी कधी विसरणार नाही तो आप्पांचा. सुशीलचा दिवस गेला त्याच लिलावात, सगळं संपलं असं वाटत असताना आप्पा टेबलाला वळसा घालून पुढच्या बाजूला येऊन उभे राहिले. "माझा बी एक दिवस घ्या," म्हणाले. लोक हसले. मग त्यांनी खरंच पुकारा केला. सत्तरी उलटलेला माणूस, गुडघे धरलेले. त्यांचा दिवस घेऊन करणार काय? आप्पा उभे होते आणि कुणी बोली लावत नव्हतं. त्या लोखंडी कड्याच्या वेळीही असंच झालं होतं.

मागून सुशीलनं बोली लावली.

आप्पांनी तिकडं पाहिलं. "तुजं काय काम हाय रं माझ्याकडं?"

सुशील पुढं आला. त्याच्या लेकराचा बाप्तिस्मा राहिला होता. त्यांच्याकडं दारापासून वेदीपर्यंत बाळाला आजोबा घेऊन येतो, आणि त्याचे वडील गावी आजारी, येऊ शकत नव्हते. म्हणून तो वर्षभर थांबला होता. "आप्पा," तो म्हणाला, "आजोबा पाहिजे. एक दिवस."

आप्पांनी एक वार, दोन वार म्हटलं.  तीन वार मला म्हणावं लागलं.

बाप्तिस्म्याच्या रविवारी आप्पा धुवट धोतर नेसून आले. लेकरू एव्हाना चांगलं थोराड झालेलं. ते कडेवर घेऊन गुडघ्यांवर जोर देत ते बाकांच्या मधून चालत आले. पोरं हिंदी गाणं म्हणत होती आणि लेकरू आप्पांची टोपी ओढत होतं. पाण्यापाशी आल्यावर मी रिवाजाप्रमाणं हात पुढं केले. पाळकानं बाळाला आपल्या हातात घ्यायचं असतं. आप्पा सोडेनात. मी हळूच म्हटलं, आप्पा, द्या इकडं.

"हितंच शिंपडा काय ते पाणी," ते म्हणाले. "आजचा दिवस मी इकलाय. सांजपातूर ह्यो माझाच."